सिक्स स्टेप कशी शिकायची: सहा पावलांची एक फेरी

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांना पहिल्याच दिवशी डोक्यावर गरगर फिरायचं असतं. मोबाइलवर त्यांनी तेवढंच पाहिलेलं असतं. मी त्यांना जोर मारताना येतो तसं हातापायांवर यायला सांगतो आणि म्हणतो, "आता डावा पाय उजव्या हाताकडे आण." मुलं हिरमुसतात. मी तरी हट्ट सोडत नाही, कारण ब्रेकिंगमध्ये, म्हणजे बाहेर ज्याला ब्रेकडान्स म्हणतात त्या नाचात, जमिनीवर जे काही होतं त्याचा पाया या सहा पावलांत आहे. सिक्स स्टेप जमली की जमिनीवर चालता येतं. चालताच येत नसेल, तर धावायचं कशाच्या जोरावर?

नाव साधं आहे. हातांवर भार ठेवून पाय सहा पावलांत शरीराभोवती एक पूर्ण फेरी मारतात आणि सुरुवातीच्या जागी परत येतात. ब्रेकिंगमध्ये उभ्याने नाचतात ते टॉपरॉक, खाली उतरून हातापायांवर खेळतात ते फुटवर्क, अंग भोवऱ्यासारखं फिरवतात ते पॉवर मूव्ह आणि तालावर एकदम गोठतात तो फ्रीझ. सिक्स स्टेप फुटवर्कमधली. जमिनीवर उतरलेला माणूस बहुतेक वेळा आधी याच फेरीत शिरतो आणि तिथूनच पुढच्या चालीकडे वळतो.

हे आलं कुठून

हा भाग गाळून थेट पावलांवर जाऊ नका, अशी माझी विनंती आहे. ही चाल गोल का आहे, आणि इतक्या कमी जागेत का मावते, हे कळलं की शरीराला ती लवकर समजते.

11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात 1520 सेजविक अव्हेन्यू ही एक मोठी निवासी इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिने इमारतीच्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट तिकीट. गाणी वाजवायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, तेव्हा 18 वर्षांचा. त्यालाच जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं.

हर्कच्या लक्षात एक गोष्ट आली होती. गाणं चालू असताना मुलं कडेला उभी राहायची. मध्येच गायक थांबायचा, बाकीची वाद्यं मागे सरायची आणि नुसता ड्रम आणि तालवाद्यं उरायची. त्या काही सेकंदांसाठी मुलं मधे धावायची. त्या तुकड्याला म्हणतात ब्रेक. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा तुकडा तो मिनिटांवर नेऊ लागला. या पद्धतीला त्याने 'मेरी-गो-राउंड' म्हटलं, आणि ब्रेकवर नाचणाऱ्यांना बी-बॉय आणि बी-गर्ल. 'ब्रेकडान्स' हा शब्द पुढे वर्तमानपत्रं आणि टीव्हीने रूढ केला. नाचणारे स्वतः आजही 'ब्रेकिंग' म्हणतात, आणि मीही माझ्या मुलांना तीच सवय लावतो.

ती मुलं राहत होती ते ब्राँक्स कसं होतं? क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे या महामार्गाने नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या होत्या, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली होती, आणि सत्तरच्या दशकात तिथे इमारतींच्या रांगाच्या रांगा जळत होत्या. नाचाचा क्लास, आरसे लावलेला हॉल, लाकडी जमीन हे त्या मुलांच्या वाट्याला येणारच नव्हतं. त्यांच्याकडे होता तो फुटपाथ, शाळेचं पटांगण, खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा, नाहीतर लिनोलियमचा तुकडा. भोवती माणसांचं कडं, मधे दोन-चार पावलांची मोकळी जागा. त्या कड्याला सायफर म्हणतात. आपण त्याला सरळ रिंगण म्हणू शकतो. सिक्स स्टेप नेमकी त्या रिंगणात मावते. पुठ्ठ्याच्या बाहेर न जाता, चारही बाजूंच्या माणसांकडे एकदा तोंड करून, माणूस फेरी पूर्ण करतो.

सुरुवातीचे बी-बॉय बहुतांशी आफ्रिकी-अमेरिकी होते. नाच बराचसा उभ्याने चालायचा, मधेच खाली झेप आणि पुन्हा वर. दशक सरत आलं तशी पोर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येने यात आली आणि जमिनीवरचं काम वाढत, गुंतत गेलं. 1977 साली ब्राँक्समध्ये रॉक स्टेडी क्रू हा गट सुरू झाला. त्यातला क्रेझी लेग्ज विंडमिलसाठी (पाठ आणि खांद्यांवर लोळत पाय हवेत पवनचक्कीसारखे फिरवणं) ओळखला जातो आणि केन स्विफ्ट फुटवर्कसाठी. तुम्हाला एकाच माणसाचं फुटवर्क बघायचं असेल तर केन स्विफ्टचं बघा. पाय एवढे जलद चाललेले असतात, तरी छाती आणि खांदे निवांत. 1981 च्या उन्हाळ्यात याच गटाची डायनॅमिक रॉकर्सशी लढत झाली, तीही न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला, जिथे एरवी ऑपेरा आणि बॅले चालतात. रस्त्यावरचा पुठ्ठा तिथवर पोचायला आठ वर्षं लागली.

आधी जमीन, मग मनगटं

आता कामाला लागू. घरातली गुळगुळीत, कोरडी फरशी चालते. शहाबादी नको, तिचे खडे हाताला लागतात. गच्चीचा कोबा तळहात सोलतो. सतरंजी आणि चटई पायाखालून सरकतात, त्या गुंडाळून ठेवा. सगळ्यात छान म्हणजे फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका. कडा कापून उलगडा आणि कोपरे चिकटपट्टीने जमिनीला पक्के करा. पायात सपाट तळव्याचे बूट घाला, मोजे अजिबात नकोत. पँट गुडघ्यात सहज वाकणारी असावी. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा.

मनगटांची तयारी न करता सुरुवात करू नका. मी शिकत होतो तेव्हा थंडीच्या दिवसांत पहाटे उठून थेट जमिनीवर उतरायचो. एके दिवशी डाव्या मनगटात कळ गेली, मी दुर्लक्ष केलं आणि आणखी आठवडाभर रेटलं. पुढचे पाच आठवडे मला पाण्याची बादली त्या हाताने उचलता आली नाही. म्हणून सांगतो: मुठी बांधून मनगटं दोन्ही बाजूंना वीस-वीस वेळा फिरवा. मग रांगण्याच्या स्थितीत तळहात टेकून, बोटं आधी पुढे, मग बाहेर, मग स्वतःकडे करून हळूहळू भार पुढेमागे न्या. नंतर दहा-पंधरा बैठका. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

सहा पावलं

पहिल्यांदा गाणं लावू नका. प्रत्येक पावलावर थांबा, एक श्वास घ्या, मग पुढे जा.

सुरुवातीची जागा: जोर मारताना वरच्या टोकाला असतो तसे या. तळहात खांद्यांखाली, कोपरं ताठ पण आवळलेली नाहीत, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, भार चवड्यांवर.

एक. उजवा हात उचला आणि डावा पाय पोटाखालून काढून उजवीकडे पुढे टेकवा, साधारण जिथे उजवा हात होता त्या बाजूला. छाती आपोआप उजवीकडे उघडेल. उजवा पाय अजून मागे लांबच आहे. डावा हात जमिनीवर पक्का.

दोन. मागे राहिलेला उजवा पाय आत ओढून डाव्या पायाच्या मागे आणा, डाव्या गुडघ्याच्या मागच्या खळग्याजवळ. आता तुम्ही उकिडवे आहात आणि पायांची अढी पडली आहे, डावा पाय पुढून, उजवा मागून. बूड जमिनीपासून वीतभर वर. ते टेकलं तर पाऊल चुकलं.

तीन. अढी सोडवा. डावा पाय डावीकडे उघडून तळवा पूर्ण टेकवा. दोन्ही पावलं समोर, गुडघे वाकलेले, पोट वर, हात पाठीमागे. खेकडा दिसतो तसे दिसाल. फेरी इथे अर्धी झाली.

चार. आता उजवा हात मागे टेकवून डावा उचला, आणि उजवा पाय डाव्याच्या पुढून डावीकडे आणा. पुन्हा अढी, फक्त या वेळी उजवा पाय पुढे. दुसऱ्या पावलाचं हे आरशातलं रूप आहे.

पाच. मागे अडकलेला डावा पाय सोडवून मागे लांब टाका. छाती जमिनीकडे वळू लागेल. उजवा हात अजूनही भार धरून आहे.

सहा. उजवा पाय पोटाखालून मागे न्या, डावा हात खाली टेकवा. तुम्ही पुन्हा जोराच्या जागी आलात.

पाय कसे चालले ते बघा: डावा, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. एकच पाय लागोपाठ दोनदा हलला, की समजा मधलं एखादं पाऊल सुटलं. डावखुऱ्या मुलांना मी सगळं उलट बाजूने शिकवतो.

खरी मेख: हाताची अदलाबदल

शंभरातली बहुतेक नवी मुलं तिसऱ्या आणि चौथ्या पावलाच्या मधे अडकतात, आणि त्यांना वाटतं की पाय चुकतोय. पाय ठीक असतो. हात उशिरा येतो.

त्या क्षणी काय होतं ते जवळून बघू. तुम्ही खेकड्याच्या स्थितीत आहात. भार डाव्या हातावर आहे, कारण पहिल्या पावलापासून तोच जमिनीवर आहे. आता उजवा पाय उचलायचा. तो उचलण्याआधी उजवा तळहात मागे टेकलेला हवा, आणि नुसता टेकलेला नव्हे, भार घेतलेला हवा. नवी मुलं पाय आधी उचलतात. मग दोन्हींच्या मधे शरीराला आधार उरत नाही आणि बूड धपकन खाली बसतं. क्रम असा ठेवा: उजवा हात टेकला, कंबर उजवीकडे बोटभर सरकली, डाव्या तळहाताखालचं ओझं हलकं झालं, डावा हात सुटला, मग उजवा पाय निघाला. नंतर हे सगळं एका ठोक्यात होतं, पण शिकताना पाच वेगळ्या गोष्टी म्हणूनच करा.

तळहात कसा टेकतो यालाही महत्त्व आहे. बोटं फाकलेली, मागे किंवा बाहेरच्या बाजूला वळलेली. भार सगळा मनगटाजवळच्या गादीवर टाकला तर ठणका लागेल. तो बोटांच्या मुळांपर्यंत वाटून द्या. पुढे तयारी झाल्यावर तळहात उचलून नुसत्या बोटांवरही फेरी मारता येते, पण ती घाई आत्ता नको.

यासाठी मी दोन सराव देतो. पहिला: खेकड्याच्या स्थितीत पाय जागच्या जागी ठेवून फक्त हात बदला, डावा, उजवा, डावा, उजवा, वीस वेळा. दंड भरून येतील, ते अपेक्षित आहे. मनगटात सुई टोचल्यासारखी कळ आली तर मात्र लगेच थांबा. दुसरा: खडूने जमिनीवर परातीएवढं वर्तुळ काढा. पूर्ण फेरीत हात त्या वर्तुळाच्या आतच टेकले पाहिजेत, पाय बाहेर. हात परातीबाहेर भटकायला लागले की फेरी गोल न राहता खोलीभर सरकत जाते.

नेहमीच्या चुका

गुडघा जमिनीला लागणं ही सगळ्यात सर्रास चूक. पहिल्या आणि पाचव्या पावलात मागचा पाय आळसावला की गुडघा घासतो. तो पाय ताठ ठेवा. दुसरी चूक म्हणजे मान खाली घालून स्वतःची पावलं बघत बसणं. मान खाली गेली की पाठीला कुबड येतं आणि पायांना वळायला जागा राहत नाही. समोर बघा. मोकळा हातही मेल्यासारखा लोंबू देऊ नका; तो छातीजवळ किंवा बाजूला उघडा धरा, तोल त्याच्यावर असतो. आणि वेग. फेरी स्वच्छ होण्याआधी वेग वाढवलात तर चूकच पाठ होईल, आणि पाठ झालेली चूक काढायला मला शिकवण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटं, थांबत थांबत. दुसऱ्या आठवड्यात न थांबता, तोंडाने आकडे म्हणत. तिसऱ्यात गाणं.

तालावर बसवताना

ब्रेकिंगची गाणी मिनिटाला साधारण 110 ते 130 ठोक्यांची असतात. इन्क्रेडिबल बाँगो बँडचं 1973 सालचं 'अपाची' लावा. त्यातला बाँगोचा ब्रेक हर्कने इतका वाजवला, की आजही तो सुरू झाला तर जगात कुठल्याही रिंगणात कुणीतरी पुढे येतं. सुरुवातीला दर दोन ठोक्यांना एक पाऊल टाका, मग दर ठोक्याला.

इथे एक गंमत आहे आणि तबला ऐकलेल्या माणसाला ती चटकन कळेल. गाणं आठाच्या हिशेबाने चालतं, पावलं सहाच्या. म्हणजे केरव्यावर दादरा. पहिली फेरी समेवर सुरू होते, दुसरी सातव्या ठोक्यावर, तिसरी त्याच्याही पुढे सरकते. चार फेऱ्या पूर्ण झाल्या की 24 ठोके होतात, आठाची तीन आवर्तनं, आणि तुम्ही पुन्हा समेवर येता. काही जण एक फेरी करून उरलेल्या दोन ठोक्यांत थबकतात किंवा पाय झटकतात. दोन्ही योग्य. पण तुम्ही कुठे आहात हे कानाला कळत असायला हवं. पावलं बरोबर आणि कान बंद, असं फुटवर्क मला बघवत नाही.

पुढे काय

फेरी सहज होऊ लागली की तीच उलट्या दिशेने शिका. कंटाळवाणं वाटेल, पण एकाच बाजूचा नाचणारा रिंगणात लगेच ओळखू येतो. मग थ्री स्टेप, जिथे हीच फेरी तीन पावलांत होते. मग दुसऱ्या पावलावरून बेबी फ्रीझ, म्हणजे कोपर कमरेला टेकवून शरीर हातांवर तोलणं. आणि उभ्याने टॉपरॉक करत खाली उतरून थेट पहिल्या पावलात शिरणं, हे तर आवर्जून.

अमेरिकेत टीव्हीवाल्यांचा रस ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर आटला. नाच तोवर युरोपात आणि पूर्व आशियात पोचला होता. 1990 साली जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये 'बॅटल ऑफ द इयर' ही स्पर्धा सुरू झाली, 2004 साली स्वित्झर्लंडच्या बील गावात 'रेड बुल बीसी वन'. बीसी वनची जागतिक अंतिम फेरी नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबईत झाली, वरळीच्या डोममध्ये. नेदरलँड्सचा मेनो आणि रशियाची कास्टेट जिंकले. मेनोचं ते तिसरं विजेतेपद. त्याची ताकद उड्यांपेक्षा जमिनीवरच्या अनपेक्षित वळणांत आहे, म्हणून मी त्याच्या लढती मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो. मुंबईचा आरिफ चौधरी, ज्याला सगळे फ्लाइंग मशीन म्हणतात, याच स्पर्धेची भारतातली फेरी एकाहून अधिक वेळा जिंकला आहे. धारावीत स्लमगॉड्स या गटाच्या मुलांनी वस्तीतल्या लहानग्यांना विनामूल्य शिकवलं. ब्राँक्समध्ये जे पुठ्ठ्यावर झालं, तेच तिथे अरुंद खोल्यांत झालं.

9 आणि 10 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्लास द ला कोंकोर्दवर ब्रेकिंग झालं. जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड सुवर्णपदक घेऊन गेले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग नाही, याचं मला वाईट वाटतं. पॅरिसमध्ये परीक्षक पाच गोष्टी बघत होते: तंत्र, चालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःचं वेगळेपण. शेवटच्या मुद्द्यावर मुलं मला विचारतात, सहा पावलं तर सगळ्यांची सारखीच, मग वेगळेपण आणायचं कुठून?

रिंगणात पाऊल टाकण्याआधी दोन गोष्टी पाळा. आतला नाचणारा बाहेर पडेपर्यंत आत शिरू नका. आणि दुसऱ्याने घडवलेली खास चाल जशीच्या तशी उचलून त्याच्यासमोर करू नका. याला चावणं म्हणतात आणि ते वाईट समजलं जातं. सिक्स स्टेप सगळ्यांची आहे, ती करताना संकोच नको. तिच्यात तुम्ही जे मिसळाल ते तुमचं.

माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी येते. तिला हाताची अदलाबदल तीन आठवडे जमत नव्हती. डावा हात वेळेवर सुटावा म्हणून तिने स्वतःच एक युक्ती काढली: तिसऱ्या पावलानंतर डावा हात उचलताना ती बोटांनी जमिनीवर टिचकी मारायची, म्हणजे हात सुटल्याचं तिला ऐकू यायचं. पुढे अदलाबदल पक्की झाली, पण टिचकी तिने सोडली नाही. आता ती बरोबर ठोक्यावर पडते, ड्रमच्या आवाजात मिसळून. परवा सरावाला नवा आलेला एक मुलगा तिची फेरी संपेपर्यंत थांबला आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "ताई, ते टक् कसं वाजवतेस?"